महिना तीन हजार रुपयांत संकेतस्थळावर ग्राहक कसे आणावेत? (नागपूरच्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी धागा)

लाकडीनंदी (महाल) – ९ जून २०२५

नमस्कार. महालात आमचे सुतारकामाचे छोटे दुकान आहे. माझे सासरे गेली चाळीस वर्षे तान्ह्या पोळ्यासाठी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा सण) सागवानी लाकडाचे, चाकांवर चालणारे नंदी घडवत आले आहेत. पोळ्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस दुकानात उभे राहायला जागा नसते आणि उरलेले वर्ष आम्ही पाट, चौरंग आणि देव्हाऱ्यांवर काढतो. पुण्या-मुंबईला गेलेले जुने ग्राहक फोन करून नंदी मागवू लागले, म्हणून मागच्या वर्षी आम्ही वर्डप्रेसवर संकेतस्थळ तयार करून घेतले. त्यावर चौदा वस्तू आहेत.

अडचण अशी की संकेतस्थळावर दिवसाला जेमतेम पंधरा माणसे येतात आणि त्यांतली काही आमच्याच नात्यातली असतात. मागच्या हंगामात तिथून केवळ सहा ऑर्डर आल्या. ज्यांनी संकेतस्थळ करून दिले, त्यांनी आता दरमहा बारा हजार रुपयांत ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगितले आहे. एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. महिन्याला फार तर तीन हजार काढता येतील, आणि रोज रात्री तासभर वेळ मी स्वतः देऊ शकते.

यंदा पोळा २२ ऑगस्टला आहे, म्हणजे हातात अडीच महिने आहेत. हे तीन हजार कुठे घालावेत, आणि पैसे न घालता काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

सावजीचूल (सक्करदरा) – ९ जून २०२५

ताई, तुमच्यासारख्याच अवस्थेतून मी चार वर्षांपूर्वी गेलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आम्ही घरी कांडलेला सावजी मसाला विकतो. पहिल्या वर्षी मीही माणसे आणायची कशी याच विचारात होतो आणि आलेली माणसे का परततात, याकडे माझे लक्षच नव्हते.

एका दिवाळीनंतर मी व्हॉट्सॲपवरचे जुने संवाद उघडून बसलो आणि ग्राहकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला. पाव किलो मसाल्यात किती किलो मटण होते, तिखट किती, मिरची भिवापुरी आहे का, लहान मुलांना चालेल का, खसखस आहे का, किती महिने टिकतो, बंगळूरला किती दिवसांत पोचतो, असे साधारण तीस प्रश्न निघाले. त्यांतल्या एकाचेही उत्तर माझ्या संकेतस्थळावर नव्हते. तिथे मी ‘अस्सल वऱ्हाडी चव, परंपरेचा वारसा’ असे काहीतरी लिहून ठेवले होते, जे कोणीही कधीही शोधत नाही.

पुढचे दोन महिने मी रोज एका प्रश्नाचे उत्तर लिहिले. ग्राहक ज्या शब्दांत विचारतो, तेच शब्द वापरले आणि ज्या वस्तूबद्दल प्रश्न असेल, त्याच वस्तूच्या पानावर उत्तर टाकले. यात एक रुपयाही गेला नाही. सहा-सात महिन्यांनी लक्षात आले की लोक गूगलवर हेच प्रश्न टाइप करतात आणि त्यांतले काही माझ्या पानावर येऊन थांबतात.

शब्दांबाबत आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या धंद्याचा शब्द आणि ग्राहकाचा शब्द एक असेलच असे नाही. ‘सावजी’ हा शब्द लोक रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहितात, कोणी मध्ये ‘ओ’ घालतात तर कोणी ‘व्ही’. तुम्ही दुकानात ‘नंदी’ म्हणता. पण नाशिक किंवा ठाण्याची आई ‘लाकडी बैल’ किंवा ‘पोळ्याचा बैल’ असे शोधणार, आणि त्यातही निम्म्या वेळा रोमन लिपीत. ही सगळी नावे पानावर वाक्यांत ओघाने यायला हवीत. शब्दांची नुसती यादी पानाच्या तळाशी चिकटवू नका, गूगल तिला लबाडी समजते आणि वाचणाऱ्यालाही ती खटकते.

कोडवाला (धरमपेठ) – १० जून २०२५

सावजीचूल यांनी जे सांगितले, तेच मुळातले काम आहे. मी तांत्रिक बाजू मांडतो. मी संकेतस्थळे बांधतो आणि दर हंगामात तीच ती दोन-तीन दुखणी पाहतो.

प्रथम गूगल सर्च कन्सोल सुरू करा. ते पूर्णपणे मोफत आहे. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर लोकांनी कोणते शब्द शोधले असता तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर टिचकी मारली आणि पान साधारण कितव्या क्रमांकावर होते, हे त्यात कळते. मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची माहिती त्यात पाहता येते, मात्र ती नोंदणीनंतरच साठू लागते, म्हणून आजच नोंदणी करा. त्यातच साइटमॅप (संकेतस्थळावरच्या पानांची यादी) द्या आणि चौदाही पाने गूगलच्या नोंदीत आहेत का, हे एकेक पान तपासून पाहा. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकट असते. संकेतस्थळ बांधताना आम्ही तिच्यावर खूण करतो आणि कित्येकदा ती खूण काढायची राहून जाते. ती एकदा पाहून घ्या.

दुसरे दुखणे छायाचित्रांचे. मी तुमचे संकेतस्थळ पाहिले. नंदीचे एकेक छायाचित्र चार-पाच एमबीचे आहे आणि मुखपृष्ठावर पाच मोठी चित्रे आळीपाळीने सरकतात. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकून पाहा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. माझ्या फोनवर तुमच्या पानाला नऊ सेकंद लागले. चित्रे वेबपी या हलक्या स्वरूपात आणा, रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास ठेवा आणि ती सरकणारी चित्रपट्टी काढून टाका. चित्राच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच राहू देऊ नका. तिला वस्तूचे नाव द्या आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात एका वाक्यात वर्णन लिहा. लाकडी वस्तू लोक चित्रांतूनही शोधतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. चौदा पानांवर तीच दोन वाक्ये आहेत आणि एकाही पानावर किंमत नाही. सगळीकडे ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे लिहिले आहे. किंमत नसेल तर गूगल मर्चंट सेंटरमध्ये वस्तू चढवता येत नाहीत. तिथे जाहिरातीचे पैसे न देताही वस्तूंची नोंद होते आणि खरेदीच्या विभागात छायाचित्र व किमतीसह ती दिसू शकते. लहान विक्रेत्यांना हा मार्ग ठाऊकच नसतो. शिवाय शोधाच्या निकालात किंमत, उपलब्धता आणि ग्राहकांचे तारे दिसावेत, यासाठी पानात जो रचित तपशील घालायचा असतो, तोही किमतीवाचून अपुरा राहतो.

लाकडीनंदी (महाल) – १४ जून २०२५

सर्वांचे मनापासून आभार. वर्डप्रेसमधली ती खूण सुदैवाने नव्हती. सर्च कन्सोल सुरू केले. चौदापैकी पाचच पाने नोंदीत आहेत. चार दिवसांत जे थोडे शब्द दिसले, त्यांत ‘लाकडी बैल किंमत’, ‘लाकडी नंदी १२ इंच’ आणि ‘तान्हा पोळा निबंध’ असे शोध आहेत.

किमतीबाबत मात्र मला मनापासून शंका आहे, ती मोकळेपणी मांडते. आम्ही किंमत मुद्दाम लिहिली नव्हती. सासऱ्यांचे म्हणणे असे की शेजारचे दुकानदार आमची किंमत पाहून पन्नास रुपये कमी लावतील. दुसरे म्हणजे सागवानाचा भाव बदलतो. तिसरे, ग्राहकाने फोन केला की आम्ही त्याला लाकूड, रंधा, रंग समजावून सांगतो आणि मग त्याला किंमत पटते. आकडा आधी दिसला तर यंत्रावर बनलेल्या हलक्या बैलाशी तुलना होऊन तो निघून जाईल, अशी भीती वाटते. ही भीती चुकीची आहे का?

पुण्यातलीवैदर्भीय – १४ जून २०२५

ताई, मी विक्रेती नाही, ग्राहक आहे, आणि या प्रश्नावर ग्राहकाच्या बाजूने बोलावेसे वाटते. मी मूळची नागपूरची, गेली नऊ वर्षे पुण्यात राहते. मागच्या वर्षी माझ्या मुलाचा पहिला तान्हा पोळा होता. आपल्याकडे गल्लीतली सगळी मुले बैल ओढत निघतात आणि घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मिळतो, हे इथे कोणाला माहीत नाही, म्हणून आमच्या सोसायटीतल्या चार वैदर्भीय घरांनी मिळून तो साजरा करायचे ठरवले होते. बाळ झोपल्यावर रात्री साडेअकराला मी फोनवर लाकडी बैल शोधत होते. त्या वेळी मी कोणाला फोन करणार होते?

मला हवे होते ते एवढेच : बैल किती उंच आहे, दोन वर्षांच्या मुलाला ओढता येईल का, रंग तोंडात गेला तर चालेल का, किंमत किती आणि पोळ्याच्या आत पुण्याला पोचेल का. ज्या पानावर ‘संपर्क करा’ असे लिहिले होते, ते मी बंद केले. किंमत जास्त असेल अशी माझी समजूत झाली. शेवटी ज्यांनी किंमत आणि पोचण्याची तारीख लिहिली होती, त्यांच्याकडून मी घेतला आणि तो तुमच्याइतका सुबक मुळीच नव्हता. लाकूड, रंधा, रंग यांविषयी तुम्ही फोनवर जे समजावून सांगता, तेच किमतीच्या खाली लिहा, ते वाचायला मला नक्की आवडले असते.

हिशेबनीस (सीताबर्डी) – १६ जून २०२५

मी लहान व्यापाऱ्यांची हिशेबाची कामे पाहतो. पैसे खर्च करण्याआधी एक आकडा कागदावर मांडावा, अशी माझी विनंती आहे. संकेतस्थळाला दिलेल्या एका भेटीची आपल्याला परवडणारी किंमत किती, हा तो आकडा.

समजा तुमचा एक नंदी १२०० रुपयांना जातो आणि लाकूड, मजुरी, खोका व कुरिअर वजा जाता हातात ३५० रुपये उरतात. समजा पानावर आलेल्या शंभरांपैकी दोघे घेतात. म्हणजे शंभर भेटींमागे ७०० रुपये, एका भेटीमागे ७ रुपये. जाहिरातीतून येणाऱ्या माणसासाठी ७ रुपयांपेक्षा जास्त दिले की तुम्ही घरचे पैसे वाटत आहात. त्यातही ऑनलाइन जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर तो वळता करून घेता येतो, पण नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) असाल तर तो संपूर्ण खर्चच असतो. अशा वेळी ७ रुपयांतले जाहिरातीच्या वाट्याला प्रत्यक्षात ५ रुपये ९३ पैसेच येतात. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सले परत आली तर दोन्ही वेळचे कुरिअर अंगावर पडते आणि हा आकडा आणखी खाली येतो.

आता याच हिशेबाकडे उलट बाजूने पाहा. पान सुधारल्याने शंभरांत दोनाऐवजी तिघांनी घेतले, तर एका भेटीचे मोल ७ वरून साडेदहा रुपयांवर जाते. तीच जाहिरात, जी आधी तोट्यात होती, ती नफ्यात येऊ शकते. म्हणून ताईंनी जून आणि जुलैचे सहा हजार रुपये हातात राखून ठेवावेत, त्या काळात पाने नीट करावीत आणि जाहिरात करायची तर ऑगस्टमध्येच करावी, असे माझे मत आहे.

बारा हजारांच्या प्रस्तावाबद्दल एवढेच सांगतो की ‘पहिल्या पानावर आणतो’ अशी हमी देण्याचे सामर्थ्य कोणाकडेच नसते, गूगल स्वतःच तसे सांगते. माझ्या एका अशिलाने ‘दहा हजार व्हिजिटर’ विकत घेतले होते. ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) आकडा खरोखरच वाढला, पण प्रत्येक भेट एक-दोन सेकंदांची होती आणि ऑर्डर एकही नव्हती. ती माणसे नव्हतीच, यंत्राने उघडलेली पाने होती. त्या गृहस्थांनी ते पैसे पत्नीच्या भिशीतून काढले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

चितारओळीकर – १७ जून २०२५

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. एवढे लिहिण्यापेक्षा व्हिडिओ करा, असे माझे मत आहे. मी मूर्तींना रंग देतो. डोळे रेखाटतानाचा माझा एक छोटा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर दोन लाख लोकांनी पाहिला. सासरेबुवा रंधा मारताना, शिंगे बसवताना दाखवले तर लोक आपोआप येतील. गूगलच्या मागे सहा महिने कोण थांबणार?

कोडवाला (धरमपेठ) – १७ जून २०२५

चितारओळीकर भाऊ, व्हिडिओ अवश्य करावेत, माझा त्याला विरोध नाही. परंतु त्या दोन लाखांपैकी किती जण तुमच्या संकेतस्थळावर आले आणि त्यांतले किती महाराष्ट्राबाहेर मूर्ती मागवणारे होते, हे मोजले आहे का? पाहणारा आणि शोधणारा यांत फरक आहे. जो ‘लाकडी नंदी १२ इंच’ असे टाइप करतो, तो पाकीट हातात घेऊन बसलेला असतो.

शिवाय व्हिडिओपासून संकेतस्थळापर्यंतची वाट सरळ नसते. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात दिलेला पत्ता दाबून उघडत नाही. स्टोरीवर लिंकचे स्टिकर लावावे लागते, किंवा प्रोफाइलमध्ये पत्ता द्यावा लागतो, तिथे पाचपर्यंत पत्ते देता येतात. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि टिप्पण्यांतले पत्तेही ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबून उघडत नाहीत, मोठ्या व्हिडिओच्या वर्णनातले उघडतात. म्हणून संकेतस्थळाचे नाव तोंडाने सांगता येईल आणि ऐकून टाइप करता येईल असे असावे, आणि तोच व्हिडिओ वस्तूच्या पानावरही लावावा. नंदी जमिनीवरून चालताना दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ पानावर असेल, तर ‘चाके नीट फिरतात का’ हा प्रश्न पडणारच नाही.

प्रत्येक ठिकाणी दिलेल्या पत्त्याच्या शेवटी यूटीएमची वेगळी खूण जोडा. ती मोफत करता येते. मग ॲनालिटिक्समध्ये इन्स्टाग्रामवरून किती आले, व्हॉट्सॲपवरून किती आले, हे वेगळे दिसते आणि वाद घालायचे कारण उरत नाही.

संत्रेवाडी (काटोल) – १९ जून २०२५

हंगामी मालाबाबत आमचा अनुभव उपयोगी पडेल. आमची संत्र्याची बाग आहे आणि आंबिया व मृग अशा दोन्ही बहारांत आम्ही पेट्या थेट घरपोच पाठवतो. पहिली तीन वर्षे आम्ही प्रत्येक बहाराला नवे पान बनवत होतो, पत्त्यात वर्ष घालत होतो आणि हंगाम संपला की पान काढून टाकत होतो. याचा परिणाम असा झाला की दर वर्षी गूगलच्या लेखी आम्ही नवखेच. जुन्या पानाला कोणी दुवा दिला असेल, तर तोही वाया जात होता.

आता एकच कायमचे पान आहे, पत्त्यात वर्ष नाही. माल संपला की तिथे ‘सध्या उपलब्ध नाही’ असे लिहितो, पुढचा बहार साधारण कधी येईल ते सांगतो आणि ‘फळ आले की कळवा’ म्हणून ज्यांना हवे त्यांचा क्रमांक त्यांच्या संमतीने घेतो. व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांनाच घालता येते आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच निरोप पोचतो, म्हणून पार्सलमध्ये ‘आमचा क्रमांक जतन करा’ अशी चिठ्ठी टाकतो. जुन्या ग्राहकाला पुन्हा पानावर आणायला काहीच खर्च येत नाही, हे मला फार उशिरा कळले.

पोळ्याची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर सरकते, हेही ताईंनी लक्षात ठेवावे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, आणि यंदा २२ ऑगस्टला आहे. मागच्या वर्षीच्या तारखा पाहून जाहिरात लावाल तर दहा-बारा दिवस चुकतील. गूगल ट्रेंड्सवर ‘तान्हा पोळा’ टाकून पाहिले तर शोध कधी चढू लागतो ते दिसते.

दुकान महालात आहे आणि ग्राहक प्रत्यक्ष येतात, तर गूगल बिझनेस प्रोफाइलही (गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) करून घ्या. केवळ ऑनलाइन विकणाऱ्याला ते मिळत नाही, तुम्हाला मिळेल. तिथून संकेतस्थळाचा पत्ता देता येतो. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका, ते नियमांत बसत नाही.

करवतकाठी (गांधीबाग) – २२ जून २०२५

जाहिरात लावाल तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. यांत माझे आठ हजार रुपये बुडाले आहेत.

गूगलच्या शोध-जाहिरातीत ठिकाण निवडताना मुळात ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असा पर्याय लावलेला असतो. तो बदलून केवळ ‘असलेले’ करा. मी पुणे निवडले होते आणि पुण्याविषयी काहीबाही शोधणारे कुठलेही लोक माझ्या साड्यांवर येऊन जात होते. दुसरे, डिस्प्ले नेटवर्कची (इतर संकेतस्थळांवर व ॲपमध्ये जाहिरात दाखवण्याची) खूण आधीच केलेली असते, ती काढा, नाहीतर खेळांच्या ॲपमध्ये चुकून दाबलेल्या बोटांचे पैसे तुम्ही देता. तिसरे, नको असलेल्या शब्दांची यादी द्या. तुमच्याकडे ‘तान्हा पोळा निबंध’ असा शोध दिसला आहे, म्हणजे शाळेतली मुले येत आहेत. ‘निबंध’, ‘शुभेच्छा’, ‘स्टेटस’, ‘चित्र’ हे शब्द वर्ज्य करा. जाहिरातीशिवाय, शोधातून आपोआप येणारी ती मुले मात्र येऊ द्या, त्यांच्यासाठी तान्ह्या पोळ्याची माहिती देणारे एक सुंदर पान लिहा. कोण जाणे, त्यांच्यामागे त्यांचे आईवडील येतील.

लाकडीनंदी (महाल) – ७ सप्टेंबर २०२५

तुम्हा सर्वांना मी हिशेब देणे लागते, म्हणून सगळे आकडे लिहीत आहे.

किमती लिहिल्या. सासऱ्यांना समजवायला दोन आठवडे लागले. शेवटी पुण्यातल्या ताईंचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “लिही.” प्रत्येक नंदीची उंची इंचांत, वजन, कोणत्या वयाच्या मुलाला ओढता येईल, कोणता रंग वापरला, आणि कुरिअरचा खर्च किमतीतच धरलेला आहे का, हे लिहिले. नंदीशेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्रे काढली. ‘पुणे-मुंबईसाठी १३ ऑगस्टपर्यंत ऑर्डर द्यावी’ अशी ओळ सर्वांत वर ठेवली. सरकणारी चित्रे काढल्यावर पान तीन सेकंदांच्या आत उघडू लागले. जुलैच्या मध्यापर्यंत चौदाही पाने नोंदीत आली आणि मर्चंट सेंटरमध्येही वस्तू चढल्या.

जून-जुलैमध्ये जाहिरातीवर काहीच खर्च केला नाही. ऑगस्टमध्ये दोन आठवडे शोध-जाहिरात चालवली. एकूण ३००० रुपये आणि त्यावर ५४० रुपये जीएसटी गेला. त्यातून नऊ ऑर्डर आल्या, म्हणजे एका ऑर्डरमागे ३९३ रुपये, आणि आमचा नफा ३५० च्या आसपास, म्हणजे बेरीज पाहता तोटाच. पण पहिल्या आठवड्यात मी ठिकाणाचे सेटिंग बदलायला विसरले होते आणि त्या आठवड्यात दोनच ऑर्डर होत्या. दुसऱ्या आठवड्यात ते बदलले, ‘निबंध’ वगैरे शब्द वर्ज्य केले, आणि तितक्याच पैशांत सात आल्या. म्हणजे पहिल्या आठवड्यात एका ऑर्डरला ८८५ रुपये आणि दुसऱ्यात साधारण २५३ रुपये. करवतकाठी यांनी आधी सांगूनही चूक झाली, याची रुखरुख आहे.

पैसे न देता गूगलच्या शोधातून एकतीस ऑर्डर आल्या. व्हॉट्सॲपवरून सोळा आल्या, त्यांतले बहुतेक जुने ग्राहक होते. इन्स्टाग्रामवर सासऱ्यांचा रंधा मारतानाचा व्हिडिओ खूप जणांनी पाहिला आणि त्यातून चार ऑर्डर आल्या, मात्र त्या चारही मोठ्या, अठरा इंची नंदीच्या होत्या, त्यामुळे चितारओळीकर भाऊंचे म्हणणे मी सोडून देणार नाही. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सव्वाशेच्या आसपास माणसे येत होती. शेजारच्या दुकानदाराने खरोखरच आमच्यापेक्षा चाळीस रुपये कमी लावले, पण त्यामुळे आमची ऑर्डर घटल्याचे दिसले नाही.

तान्ह्या पोळ्यावरचे पान शहरातल्या एका शाळेने आपल्या संकेतस्थळावर जोडले, कारण त्यांच्याकडे बैल सजवण्याची स्पर्धा होती. तिथून रोज दोन-चार माणसे अजूनही येतात.

सावजीचूल (सक्करदरा) – ७ सप्टेंबर २०२५

ताई, वाचून फार आनंद झाला. एक विचारतो. यंदा ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर कोणते नवे प्रश्न विचारले? ते विसरण्याआधी आत्ताच वहीत उतरवा.

लाकडीनंदी (महाल) – ८ सप्टेंबर २०२५

काल रात्री लिहून काढले, एकोणीस निघाले. सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न मला कधी सुचलाच नसता. आजोबांच्या वेळचा जुना नंदी घरात आहे, त्याचे चाक किंवा शिंग मोडले आहे, ते तुम्ही दुरुस्त करून द्याल का, असे अकरा जणांनी विचारले. सासऱ्यांना हे काम येते आणि आवडतेही. पुढच्या पोळ्यापर्यंत त्यांचा हात रिकामाच असतो. त्या कामाचे वेगळे पान आज सुरू केले आहे, किमतींसकट. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे छायाचित्र टाकायला एक जुना नंदी हवा होता, तो आमच्याच माळ्यावर सापडला.